पाणी दाखवा

देवीचा उजवा डोळा चुकला. पुसून टाकावा इतका नाही, पण जाणत्याला कळेल इतका. बुबुळ कोपऱ्याकडे सरकलं आणि समोर बघायची ती देवी कारखान्याच्या दाराकडे बघायला लागली, जिथे मोरू हवालदार छत्री मिटत उभा होता आणि नुकताच म्हणाला होता की हौसाताई, निवडणूक लागली, बंदूक जमा करायची हाय. हौसाचा ब्रश हवेतच राहिला. पेणच्या या कारखान्यात आखणी तिच्याकडे असे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. गणपतीच्या हंगामात ती डोळ्यांखेरीज दुसरं काही करत नसे, आणि गणपती गेले की नवरात्राच्या देव्या. श्वास धरायचा, एक डोळा मिटायचा, रेघ एका दमात न्यायची. बघणारे म्हणत, हात आहे की दगड. हे तिला कोणा मूर्तिकाराने शिकवलं नव्हतं. रोह्याकडच्या डोंगराखाली, भातशेतात राखणीसाठी उभारलेल्या माळ्यावर, बापाने ठासणीच्या बंदुकीचा दस्ता तिच्या खांद्याला लावून शिकवलं होतं: श्वास धर, एक डोळा मीट, आता हलू नको. बार निघाला, खांदा ठणकला, ती हलली नव्हती. आणि आज एका वाक्याने हात हलला. तिला मोरूचा राग आला नाही. हुकमाचाही नाही, हुकूम ओळखीचा होता. राग आला तो हाताचा, आणि हाताच्या मागे जे काही बसलं होतं त्याचा, ज्याच्याकडे तिने इतकी वर्षं

बघितलं नव्हतं. कारण हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. बाप गेला, भाऊ नव्हता, पीक राखायचा परवाना तिच्या नावावर झाला, राखणीच्या दिवसांत ती माहेरी जाऊन राहू लागली, तेव्हापासून दर निवडणुकीला मोरू निरोप आणायचा आणि ती बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळून रोह्याच्या ठाण्यात देऊन यायची. मतमोजणी झाली की परत. निवडणूक उन्हाळ्यात आली तर काही बिघडायचं नाही. पण विधानसभेची यायची ती नेमकी भात लोंबीला आल्यावर, आणि भात लोंबीला आलं की डोंगरातून डुकरं उतरायची. डबे वाजवा, फटाके लावा, शेकोट्या करा. डुकराला डब्याचा आवाज दोन दिवसांत पाठ होतो. बंदुकीचा होत नाही. का होत नाही हे तिलाही सांगता आलं नसतं. हवेतच तर उडवायची. पण बार उडाला की डुकरं वळतात, आणि त्या खोऱ्यातली सगळी राखण त्या वळण्यावर उभी होती. बंदूक एका घरची, बार सगळ्यांचा, अशी तिथली रीत. माळ्यावरचा बार ज्याच्या ज्याच्या शेतात ऐकू गेला त्याने मळणीनंतर एक पायली भात बंदूकवाल्याच्या ओटीवर आणून ओतायचं. बाराचं भात म्हणत त्याला. कुणी मागत नसे, कुणाच्या लक्षात राहिलं नाही असं होत नसे. लहानपणी हौसाला वाटायचं की आपला बाप गावाचा राजा आहे आणि लोक त्याला खंडणी देतात. मग कळलं की तो राखणदार आहे. मग, आणखी पुष्कळ वर्षांनी, कळलं की हे राजा असण्यापेक्षा

मोठं आहे. काळुराम, तिचा बाप, ठेंगणा होता. आणीबाणीच्या साली वरून हुकूम आला की सगळ्या बंदुका आणून द्या. का, ते कुणी सांगितलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही. काळुरामने बंदूक खोबरेल लावून पुसली, बायकोच्या लुगड्यात गुंडाळली आणि दुसऱ्या कुणाच्या आधी, पहाटेच, रोह्याची वाट धरली. आपण पहिले पोचलो याचं त्याला फार भूषण होतं. सरकारने म्हटलं आणि काळुराम पहिला. आणि पहिला गेला म्हणूनच त्याची बंदूक त्या ओलसर खोलीत सगळ्यांच्या तळाला पडली. तिच्यावर साऱ्या तालुक्याचं लोखंड चढलं. दोन हंगामांची दोन भातं गेली. परत मिळाली तेव्हा नळी आतून गंजून खरबरीत झाली होती आणि बाप अंगणात बसून गजाला चिंधी लावून ती घासत राहिला, दिवसच्या दिवस, जणू गंज त्याच्या स्वतःच्या आत चढला होता. पण ते नंतरचं. त्या दोन भातांत तो काय करायचा? संध्याकाळी, डुकरं उतरायच्या वेळेला, तो माळ्यावर चढायचा. रिकाम्या हाताने. छाती भरून घ्यायचा. आणि ओरडायचा: ठो.

ठो.

खोऱ्यातून हसू यायचं. पलीकडच्या माळ्यावर कान्हू असायचा, तेव्हा नुकती मिसरूड फुटलेला. तो उलट ओरडायचा, ठो काळू, ठो काळू, आणि ते नाव बापाला चिकटलं, मरेपर्यंत. हौसा माळ्याखाली बसून कानांत बोटं घालायची. बंदुकीच्या आवाजाला तिने कधी कान झाकले नव्हते. डुकरं अर्थातच वळली नाहीत. मळणी झाली, भात कमी आलं, तरी लोक रीतीप्रमाणे टोपल्या घेऊन ओटीशी आले, आणि बापाने एकही टोपली उतरवून घेतली नाही. बार नाय, भात नाय, एवढंच म्हणाला. आई, धोंडुबाई, चुलीपुढून म्हणाली की घरात पेजेपुरतं हाय नि ह्याचा तोरा बघा, पण तीही उठून परत निघालेल्या टोपल्या थांबवायला गेली नाही. तिची पाठ ताठ होती. हौसाला आज, ब्रश हातात धरून, ती पाठ दिसली. इतकी वर्षं तिला फक्त ते ओरडणं आठवायचं आणि लाज वाटायची. आज पहिल्यांदा असं वाटलं की जो माणूस रोज संध्याकाळी, हसणाऱ्यांच्या समोर, रिकाम्या हाताने माळ्यावर चढतो, तो

"सगळ्यांची?" तिने विचारलं.

"सगळ्यांची," मोरू म्हणाला. "सरसकट."

"माझी का?"

मोरूला प्रश्न कळला नाही. तो कोलाडकडचा, साधा, निवृत्तीला आलेला. तिच्या बापालाही तोच निरोप द्यायचा. "अगो, सगळ्यांची म्हणजे तुझी पण."

"सगळ्यांचं सोड, मोरूभाऊ. माझं सांग. मी काय केलंय?"

तो शाडूच्या पोत्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि देवीकडे बघत म्हणाला की तू काय करणार, तू डोळे काढतेस. मग मालक आत गेल्याचं बघून आवाज खाली आणला. वरच्या कोर्टाने म्हणे कधीच सांगून ठेवलंय की निवडणूक आली म्हणून सरसकट बंदुका ओढायच्या नाहीत, एकेका माणसाचं बघायचं, त्याच्यापासून धोका असला तर घ्यायची, नसला तर राहू द्यायची. तीन साहेबांची कमिटी असते त्यासाठी. अर्ज केला तर बोलावतात. कुणी करत नाही, म्हणून ती कमिटी बसते, चहा पिते नि उठते. हौसाने विचारलं की मग इतक्या खेपा तू हे मला का नाही सांगितलंस. मोरूने टोपी परत डोक्यावर घातली. "तू इतक्या खेपा इचारलंस कुठं?" म्हणाला.

तो गेल्यावर मालकाने डोळा पाहिला आणि म्हणाला, दुरुस्त कर. ती म्हणाली, दाराकडे बघते तर बघू दे, कोण येतं ते तिला कळेल. मालक हसला. ती हसली नाही.

घरी तिने सांगितलं तेव्हा नवरा, महिपती, एसटीच्या डेपोतून नुकताच आला होता आणि कोपरापर्यंतचं ग्रीस साबणाने काढत होता. त्याने शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाला की मी सरकारची गाडी दुरुस्त करतो नि तू सरकारवर नेम धरतेस, आपलं घर कसं चालायचं. पुढे म्हणाला, साहेब लोकांसमोर उभी राहशील तेव्हा पदर खोचू नको, तू पदर खोचलास की मलाच भीती वाटते. त्याच्या थट्टेखाली एक भीती खरी होती आणि ती तिला ऐकू आली: अर्ज फेटाळला तर पुढे नावावर काहीतरी राहील, एक बाई आहे ती बंदूक सोडत नाही असं, परवानाच जाईल, मग डोंगराखालच्या खोऱ्याला कायमचे डबे. आत्तापर्यंत बंदूक जात होती ती परत येत होती. निमूट दिली तर परत येते, हे ती बापाकडून शिकली होती, गंजासकट. विचारलं तर कदाचित येणारच नाही. ती भाकरी थापत होती आणि प्रत्येक भाकरीला हात थोडा जास्त जोरात पडत होता. अर्ज तिने दुसऱ्या दिवशी दिला.

बोलावणं आलं त्या दिवशी ती पेणहून रोह्याच्या गाडीत बसली, खिडकीशी. बाहेर वडखळ गेलं, रस्त्याकडेची ओली मिठागरं गेली, आणि ती साहेबांना काय म्हणायचं ते मनात लावत राहिली.

साहेब, मी गरीब

नको. गरीब म्हणून मागायचं नाही.

साहेब, माझ्या बापाने आणीबाणीत

नको. बापाचं ओरडणं या लोकांपुढे नको. ते हसतील, किंवा न हसता मान हलवतील, आणि ते जास्त वाईट.

साहेब, कोर्टाने असं म्हटलंय की

हे तर त्यांना तिच्यापेक्षा जास्त माहीत. माहीत असणाऱ्याला सांगण्यात काय आहे. आणि गाडी नागोठण्याच्या पुलाजवळ आली, खाली अंबा गढूळ, भरलेली, पण आपल्या जागी वाहत होती, आणि हौसाला तिचा मामा आठवला. जनूमामा. ज्या साली अंबेचं पाणी बाजारात शिरलं त्या साली मामाच्या दाराशी एक साहेब कमरेएवढ्या पाण्यातून चालत आला होता, त्याच्या खिशातला पेन वाहून गेला होता, आणि तो एवढंच म्हणाला होता, होडी. मामाने होडी दिली, वल्ही दिली, वर स्वतः चढला. कुणी कागद केला नाही. पाणी ओसरल्यावर होडी फळी फुटलेली परत आली आणि मामा मरेपर्यंत ती फुटकी फळी येईल त्याला दाखवायचा: सरकारला माझी होडी लागली होती. त्याच्या तोंडावर जे असायचं ते बापाच्या तोंडावर पहिल्या दिवशी होतं, बंदूक खोबरेलाने पुसताना. तेच. अगदी तेच. मग एकाचं ते मरेपर्यंत टिकलं आणि दुसऱ्याचं का नाही टिकलं? वस्तू तर दोघांचीही खराब होऊनच परत आली. गाडी पुलावरून गेली. तिने पुढचं काही लावलं नाही.

कचेरीत तीन साहेब. महसुलाचे साहेब मध्ये, बारीक, चष्म्याचे. उजव्या हाताला पोलीस साहेब, तरणे, झोप न झालेले. तिसरे लिहून घेणारे. मोरू दाराशी उभा, तिला ओळखत नसल्यासारखा. बसा म्हणाले, ती बसली. ते वाईट बोलले नाहीत, हे तिला नंतरही आवर्जून सांगावंसं वाटलं. चष्म्याच्या साहेबांनी विचारलं की कुठल्या पक्षाचं काम करता का. नाही म्हणाली. तुमच्यावर कधी गुन्हा? नाही. कुणाशी वाद, भांडण?

"हाय. जावेशी. ती पेणला असते, बंदूक इकडे असते."

लिहिणाऱ्या साहेबांनी खाली मान घालून हसू गिळलं. मग पोलीस साहेब बोलायला लागले, आणि तेही खरंच बोलले. गेल्या खेपेला दुसऱ्या एका तालुक्यात मतदानाच्या आदल्या दिवशी परवान्याच्या बंदुकीतून गोळी सुटली होती. माणूस वाचला, पण त्या गावात लोक मताला घराबाहेर पडले नाहीत. माझ्याकडे माणसं मोजकी, केंद्रं डोंगरात. कुठल्या बंदुकीतून गोळी सुटेल हे मला आधी कसं कळावं? म्हणून सगळ्या घेतो. तुमच्यावर संशय नाही, बाई. कुणावरच नाही. म्हणूनच सगळ्यांच्या.

तिला तो माणूस आवडला. त्याचे डोळे लाल होते आणि तो खोटं बोलत नव्हता. हेच अवघड होतं. खोटं बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. कुणावरच संशय नाही म्हणून सगळ्यांच्या: हे वाक्य तिने आत फिरवून पाहिलं, आणि त्यात तिला ती ओलसर खोली दिसली, लोखंडाचा ढीग, ज्यात कुणाची बंदूक कुणाची हे उरलं नव्हतं, आणि तळाला बापाची. पंखा वर कुरकुरत होता. तिने श्वास धरला. हात मांडीवर होता. हलत नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "अंबेला पूर आला तेव्हा तुमच्या माणसांनी माझ्या मामाची होडी नेली. त्यांनी कारण सांगितलं नाय नि मामाने इचारलं नाय. पाणी कमरेला होतं. सगळ्यांना दिसत होतं. आता तुम्ही म्हणता पूर हाय. असंल. मला पाणी दाखवा, मी आत्ता बंदूक आणून देते."

मग पोलीस साहेब जरा पुढे झुकले. "पाणी दिसेपर्यंत थांबलं तर उशीर होतो."

"व्हय. म्हणून नदीकाठच्याला आधी उठवतात. डोंगरावरच्याला नाय उठवत. कोण कुठं राहतो ते बघूनच उठवतात ना, साहेब? तेवढं बघा. माझं बघा, नि मग घ्यायची तर घ्या. न बघता नको."

चष्मा काढून पुसला गेला. तिला बाहेर बसायला सांगितलं. बाहेरच्या बाकावर एक कातकरीण, कमळी म्हणून, कसल्याशा दाखल्यासाठी सकाळपासून बसली होती; तिने हौसाला विचारलं की आत काय झालं. हौसा म्हणाली, मी बोलले. कमळी म्हणाली, मग? हौसा म्हणाली, मग काय ते माहीत नाय, पण बोलले. आणि हे बोलताना तिला असं जाणवलं की आता बंदूक गेली तरी ती बापाच्या बंदुकीसारखी जाणार नाही. तिच्या नावाने जाईल, कारण सांगून जाईल, आणि ते कारण खोटं असलं तर त्याच्याशी तिला भांडता येईल. ढिगाशी भांडता येत नाही. कमळीने चंचीतून पान काढलं, अर्धं तिला दिलं. दोघी चघळत बसल्या. दोन बायका, एका बाकावर, आपापलं नाव घेतलं जायची वाट बघत; आणि हौसाची पाठ, तिच्या लक्षात आलं, आपोआप ताठ झाली होती, चुलीपुढच्या त्या पाठीसारखी.

बाहेर येऊन सांगितलं ते मोरूनेच, पण आता तो तिला ओळखत होता. बंदूक तिच्याकडे राहील. शेताबाहेर न्यायची नाही, हवेतच उडवायची, मतदानाच्या दिवशी मुळीच नाही. कबूल? ती म्हणाली, त्या दिवशी मी रांगेत असणार, डुकरांना पण सुट्टी. मोरू सांगत होता की साहेबांनी बाकीच्यांचीही नावं मागवलीत, एकेक करून बघू म्हणाले, आता आमचं काम वाढवलंस गो तू. हे तो तक्रारीसारखं म्हणाला, आणि म्हणताना त्याने टोपी सरळ केली, तिच्यासाठी, जशी तो फक्त साहेब आल्यावर करत असे.

ती पेणला परतली नाही. माहेरी गेली. धोंडुबाई ओटीवर बसली होती, आता अगदी लहान झालेली, तिला कमी ऐकू यायचं. हौसाने खुंटीवरची बंदूक काढली तेव्हा म्हातारीने सवयीने आतलं जुनं लुगडं आणून पुढे केलं, गुंडाळायला. हौसाने ते घेतलं, घडी घातली आणि परत तिच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीने लेकीच्या तोंडाकडे बघितलं, मग लुगड्याकडे. लुगड्यावरून हात फिरवत राहिली.

ऊन उतरत होतं. भात कमरेएवढं, लोंब्या जड होऊन वाकलेल्या, आणि वरच्या बांधाला डुकरांनी काल उकरलेली माती अजून ओली. हौसा माळ्यावर चढली. दारू ओतली, काथ्या घातला, गजाने ठासलं, घोड्याखाली ठिणगीची टोपी चढवली. समोर खोरं होतं, पलीकडच्या उतारावर कान्हूचा माळा, त्यावर कान्हू, आता पिकलेला, मांडीशी रिकामा डबा घेऊन बसलेला. त्यालाही चार वर्षांपूर्वी परवाना मिळाला होता. त्याने आपली बंदूक निरोप आला त्याच दिवशी देऊन टाकली होती. पहिला गेला होता म्हणे. श्वास धर. एक डोळा मीट.

बार खोऱ्यात शिरला, डोंगराला लागला आणि परत आला. बांधावरचे बगळे उठले. वरच्या झाडीत काहीतरी जड वळलं आणि मोडत मोडत वर निघून गेलं. धूर तिच्या तोंडावरून हळू सरकला आणि खाली शांतता पसरली, ऐकणाऱ्यांची, शेताशेतातून, जिथवर तो आवाज पोचला होता तिथवर.

मग पलीकडून, म्हाताऱ्या, चिरकलेल्या आवाजात:

"ठो."

ती थांबली. खोऱ्यातून हसू येईल म्हणून थांबली; पन्नाशीला आलेली बाई, माळ्याखालच्या पोरीसारखी. हसू आलं नाही. कान्हू माळ्यावर उभा राहिला होता, डबा खाली ठेवून, रिकाम्या हाताने.

"हौसे," तो ओरडला, "तो अर्ज कुठं करायचा गो?"

"उद्या सांगते, कान्हूदादा. उद्या चल माझ्यासंगं."

तिने बंदूक खांबाला टेकवून ठेवली. मग, हातात काही नसताना, ती माळ्याच्या कडेशी उभी राहिली, छाती भरून घेतली आणि सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं बापाचं ते ओरडणं ओरडली.

ठो.